झोपेचं पत्रक

पडद्यावरचं टिंब ते केवढं. चष्म्याच्या काचेवर धुळीचा कण बसला, तरी तो तसाच दिसतो. म्हणून धाकटीने चष्मा काढला, दोन्ही काचा रुमालाने पुसल्या, पुन्हा चढवला आणि ती ओळ परत वाचली. टिंबं चार होती. त्यांना चिकटून दोन तिरक्या रेघा. आणि त्यांच्यापुढे एका फोल्डरचं नाव, जे बाहेरच्या कोणाच्या तोंडी यायला नको होतं.

"काय सापडलं?" पलीकडच्या टेबलावरून कावळ्याने विचारलं. तो कंपनीतला टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली चूक त्याला लांबूनही दिसायची, म्हणून हे नाव पडलं होतं, आणि त्यालाही ते आवडत असावं.

"काही नाही. सर्व्हरवर कोण येऊन गेलं ते बघतेय."

"कशाला? पाहुणे गेल्यावर चमचे मोजू नयेत. एखादा कमी भरतो आणि मग पाहुण्यांचं तोंड बघवत नाही."

ती हसली नाही. तिने खालची ओळ वाचली, मग त्याखालची.

कंपनी छोटी होती आणि धाकटीच्या भाऊजींची, म्हणजे तिच्या ताईच्या नवऱ्याची होती. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. त्यांच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टरबाई होत्या, मनाच्या दुखण्यांवर बोलून उपचार करणाऱ्या. त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही उतरवून घेता येतील अशी पत्रकं होती: झोप न येण्यावर, रागावर, श्वासाच्या व्यायामावर. त्याच मशीनवर, पत्रकांच्या शेजारच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक माणूस बोलून गेल्यावर डॉक्टरबाई टाईप करत त्या नोंदी होत्या. त्यांना कुलूप होतं. कुलपाची चावी, म्हणजे पासवर्ड, दोघींकडेच: डॉक्टरबाई आणि धाकटी. भाऊजींकडेही द्यायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी करारातच लिहून घेतलं होतं.

पण भिंतीत भोक असलं की कुलपाला कोण विचारतो. पत्रकांचं पान काय करायचं, तर मागणाऱ्याने पत्त्याच्या ओळीत जे नाव लिहिलं असेल त्या नावाची फाईल काढून हातात द्यायचं. निमूटपणे. 'झोप' लिहिलं तर झोपेचं पत्रक. आणि संगणकाच्या भाषेत दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ म्हणजे 'एक पायरी वर'. पत्रकाच्या नावाच्या जागी कोणी ती लिहिली, तर ते पान निमूटपणेच वरच्या पायरीवर जायचं आणि तिथून शेजारच्या फोल्डरमध्ये उतरायचं.

हे भोक धाकटीनेच शोधलं होतं. त्याच दिवशी तिने बुजवलंही: कोणी दोन टिंबं आणि रेघ लिहिली, की ती आपोआप खोडली जावीत. दुसऱ्या दिवशी कावळ्याने चार टिंबं आणि दोन रेघा लिहून दाखवल्या. मधला तुकडा खोडला गेला, आणि कडेची उरलेली टिंबं आणि रेघ एकमेकांना येऊन भिडली. पुन्हा दोन टिंबं, पुन्हा एक रेघ.

"मधल्याला मारलंस," तो म्हणाला होता, "आणि दुरावलेल्या भावंडांची गळाभेट घडवून आणलीस."

त्या दिवशी ती मनापासून हसली होती.

हसून झाल्यावर ती भाऊजींकडे गेली. खरी दुरुस्ती मुळापासून करायला हवी होती, आणि चालू सर्व्हरवर त्यांच्या शब्दाशिवाय काही चढवायचं नाही असा कंपनीचा नियम होता. या धंद्यात मालकाला भोक आहे म्हणून सांगून भागत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत त्यातून जाऊन दाखवावं लागतं. तिने त्यांना शेजारी बसवलं आणि झोपेच्या पत्रकाच्या पानावरून, चार टिंबांच्या वाटेने, एक रिकामी चाचणी फाईल उघडून दाखवली. भाऊजींनी नीट बघितलं. मग म्हणाले, "मला करू दे." तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. पहिल्या खेपेला त्यांची एक रेघ चुकली, ती तिने दाखवली. भाऊजी पहिल्यांदाच तिच्या कामात एवढा रस घेत होते, याचं तिला बरं वाटलं होतं.

"पुढच्या आवृत्तीत घे," शेवटी ते म्हणाले होते. "चालत्या गाडीचं चाक काढायचं नसतं. आणि डॉक्टरबाईंच्या कानावर घालू नकोस. उगाच घाबरतील."

ती मूग गिळून गप्प बसली. पुढची आवृत्ती पुढे पुढे सरकत राहिली. ताईचं डॉक्टरबाईंकडे जाणं सुरू झालं ते त्यानंतर.

आज धाकटीने हा लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या ये-जा करणाऱ्यांची नोंद, उघडला होता तो ताईमुळे.

काल ती ताईकडे गेली होती. ताई सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घालता घालता गुणगुणत होती. धाकटीने चादरीचं दुसरं टोक धरलं. किती दिवसांनी ऐकते आहे हे गुणगुणणं, असं तिच्या मनात आलं, पण बोलून दाखवलं तर थांबेल म्हणून ती बोलली नाही.

"हे बदललेत गं," ताई आपणहून म्हणाली.

"म्हणजे?"

"झाकणं उघडत नाहीत आता."

धाकटीला कळेना. ताईने चादर छातीशी धरली आणि जरा ओशाळून सांगितलं. भाऊजी घरी आले की स्वयंपाकघरात येत. एकेका भांड्याचं झाकण उचलून आत बघत, परत ठेवत, आणि एक शब्द न बोलता निघून जात. वाईट म्हणत नसत, चांगलं म्हणत नसत. मग रात्रभर ताईच्या डोक्यात तेच: काय कमी होतं, काय जास्त होतं. भाऊजींनी कधी हात उचलला नव्हता, आवाज चढवला नव्हता. सांगावं असं काही घडतच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही बुक्क्यांशिवाय.

"कोणाला सांगायचं हे? नवरा झाकण उघडतो म्हणून? लोक हसतील. फक्त डॉक्टरबाईंना सांगितलं एकदा. आणि बघ, थोड्याच दिवसांत यांनी आपणहून सोडलं. मी बोललेसुद्धा नाही त्यांच्याजवळ." ताईने घडीवरून हात फिरवला. "आणि एकच नाही. मी काही करत असताना मागे येऊन उभं राहणं सोडलं. माहेरच्या फोननंतर 'काय म्हणत होते' विचारणं सोडलं. मला वाटायचं या माणसाला माझं काहीच कळत नाही. कळत होतं गं. उशिरा का होईना."

धाकटीच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. ताई म्हणाली, "धांदरट ती धांदरटच." आणि पुन्हा गुणगुणू लागली.

आता लॉगच्या ओळी तिच्यासमोर होत्या. चार टिंबांची वाट फक्त तिघांना माहीत होती. कावळा असता तर त्याने नवीनच काही करून बघितलं असतं. त्याच त्या वाटेने पुन्हा जाण्यात त्याला गोडी नव्हती. आणि या ओळी सगळ्या एकाच फाईलसाठी होत्या. दर वेळी ताईच्या भेटीच्या दिवशी, संध्याकाळी. फाईलचं नाव म्हणजे ताईचा नोंदणी क्रमांक. तो तिच्या भेटीच्या कार्डावर असे, आणि कार्ड ताईच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं असे. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नुसता एक क्रमांक.

पहिल्या ओळीत एक रेघ चुकली होती. दुसऱ्या ओळीत ती सुधारली होती.

भाऊजींच्या केबिनचं दार उघडंच होतं. "बस," ते म्हणाले. ती बसली नाही.

"पत्रकांच्या पानाची दुरुस्ती आज चढवते."

"पुढच्या आवृत्तीत ठरलंय ना ते?"

"आज चढवते."

टेबलावरचं पेन भाऊजींनी वहीच्या कडेला समांतर लावलं. "का? कोणी आत आलं होतं का?"

"तेच विचारायला आले. तुम्हाला."

त्यांनी पेन पुन्हा एकदा सरळ केलं. बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "समज, आलं असेल कोणी. काही चोरलं त्याने? काही मोडलं?"

तिने मागे वळून दार लोटून घेतलं.

"इतकी वर्षं मी तुझ्या ताईला विचारतोय, काय झालं. काही नाही, म्हणते. माणसाने करायचं काय? भिंतीला कान लावायचे? मला कळत नव्हतं, कळलं, मी बदललो. तुझी बहीण गाणं म्हणायला लागलीये घरात. ऐकलंस ना काल?"

"तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं ते."

"सांगितलं नसतंच कधी. ती निघून जायच्या गोष्टी करत होती तिथे. मला न विचारता, गावसुद्धा ठरवून." इथे मात्र त्यांचा आवाज थोडा हलला. "तिच्या त्या जुन्या शिक्षिकेची, मोठ्या बाईंची शाळा. अंध मुलांची. राहायची सोय आवारातच. तुला तरी माहीत होतं?"

तिला माहीत नव्हतं. आणि ते आत्ता, इथे, या तोंडून कळलं. म्हणजे चोरलेल्यातला एक तुकडा तिच्याही पदरात पडला होता.

"सांगून बघ तिला," भाऊजी म्हणाले. "माणूस जरा सावरतंय, त्याचं सलाईन उपटून बघ. आणि सांगशील तेव्हा पुरतं सांग. वाट मला कोणी दाखवली तेही."

ती बाहेर आली आणि जागेवर बसून दुरुस्ती करू लागली.

काम कठीण नव्हतं. हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. पान आता मागणाऱ्याकडून नाव घेणारच नव्हतं. प्रत्येक पत्रकाला तिने एक आकडा दिला. आकडा यादीत असेल तर पत्रक, नसेल तर नकार. खोडाखोडीचा जुना उपाय तिने काढूनच टाकला. त्याऐवजी, फाईल हातात देण्याआधी पानाने तिचा पुरता पत्ता काढायचा, सगळ्या वर-खाली पायऱ्या सोडवून, आणि तो पत्रकांच्या फोल्डरच्या आतलाच आहे का ते बघायचं. बाहेरचा असला तर दार बंद. शिवाय वेबसाइट ज्या खात्यावर चालते, त्या खात्याचा नोंदींचं फोल्डर वाचायचा हक्कच काढून घेतला, म्हणजे उद्या आणखी कुठे भोक पडलं तरी पलीकडे भिंतच लागावी. दुपारचा चहा येऊन निवायच्या आत हे झालं. भाऊजी जे पुढच्या आवृत्तीवर ढकलत राहिले, ते एवढंच होतं.

"परवानगी?" कावळ्याने विचारलं.

"नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं, काहीतरी गमतीचं बोलणार होता ते गिळलं, आणि खुर्ची ओढून बसला. टिंबं वेगवेगळ्या सोंगांत लिहून बघितली, रेघा उलट्या करून बघितल्या, सबंध पत्ताच घालून बघितला. सगळीकडे नकार.

"मुंगी जाणार नाही आता," तो खुशीत म्हणाला.

धाकटीने मान हलवली. मुंगी जाणार नव्हती. पण जे वाचून झालं होतं ते परत फोल्डरमध्ये जाणार नव्हतं. ते एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्या डोक्यावर लावण्यासारखी दुरुस्ती तिच्या शिक्षणात कुठे नव्हती.

संध्याकाळी तिने डॉक्टरबाईंना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. कोणाची फाईल, किती वेळा, कोणी, कशी. बाकीच्या फाईली तिने एकेक करून तपासल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता. तरी त्या लोकांनाही कळवायला हवं, असं ती म्हणाली. 

"ते मी कळवीन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या ताईला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"तिच्या पुढच्या भेटीच्या आत सांग. ती माझ्यासमोर बसली आणि तिला माहीत नसलं, तर मला तोंड उघडता यायचं नाही."

उद्या जाते, असं धाकटीने ठरवलं. उद्या ताईकडे पाहुणे होते. परवा ताई फोनवर इतकी हसत होती, की नंतर सांगू असं वाटलं. त्यानंतर तिचं स्वतःचं डोकं दुखलं, ते खरंच दुखलं. कंपनीत भाऊजी तिच्याशी नेहमीसारखेच बोलत होते, कामापुरतं. तिला त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं तिला रोज सकाळी जिना चढताना वाटायचं. ते नुसते वाट बघत होते, आणि ती ताईला सांगणार नाही हा त्यांचा अंदाज खरा ठरत चालला होता.

भेटीच्या आदल्या दिवशी ती दुपारी ताईच्या दारात उभी राहिली. भाऊजी कंपनीत असण्याची वेळ.

ताई मटार सोलत होती. तिने धाकटीसमोर मूठभर शेंगा ढकलल्या. "आलीस ते बरं केलंस. तुला एक सांगायचंय. रागावू नकोस आधी नाही सांगितलं म्हणून." आणि तिने शाळेचं सांगितलं. अंध मुलांना शिकवायचं. मोठ्या बाई, ताईच्या जुन्या शिक्षिका, किती महिन्यांपासून ये म्हणत होत्या. ताई 'बघते, कळवते' करत दिवस ढकलत होती. आज त्यांचा फोन येणार होता. त्यांनाही जागा किती दिवस रिकामी ठेवता येणार.

"मी नाही म्हणणार आहे," ताई म्हणाली. "आधी वाटायचं, इथे गुदमरून मरेन. आता नाही वाटत. या वयात माणूस बदलतं का कधी? पण हे बदललेत. न सांगता ओळखतं माणूस, तर त्याला सोडून कसं जायचं?"

धाकटीच्या बोटांत एक शेंग होती. ती तिने उघडली नाही. खाली ठेवली.

"ताई, त्यांनी ओळखलं नाही."

"म्हणजे?"

"वाचलं. तू डॉक्टरबाईंकडे जे जे बोललीस ते. दर भेटीनंतर."

ताईचा अंगठा शेंगेच्या शिरेवर थांबला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. धाकटी बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरुवात करता आली नसती. पान, टिंबं, शेजारचं फोल्डर, कार्डावरचा क्रमांक. तिने कीबोर्ड सरकवला तेही. चुकलेली रेघ दाखवली तेही. आता ते बंद केलंय, तेही तिने सांगितलं, आणि सांगताना ते किती फुटकळ आहे हे तिला ऐकू आलं.

ताईने हातातली शेंग परत ढिगात ठेवली. मग विचारलं ते अगदी हळू.

"सगळं?"

"सगळं."

"आईच्या शेवटच्या दिवसांचं बोलले होते मी तिथे. तेही?"

"ताई, मी नाही वाचलं काही. मला माहीत नाही काय काय होतं. फाईल उघडली गेली एवढंच दिसतं मला."

"त्यांनी वाचलं म्हणजे तेही." ताईने सोललेल्या दाण्यांचं ताट थोडं बाजूला सरकवलं, जणू त्यावर काही सांडणार होतं. "तू मला म्हणाली होतीस, चावी माझ्याकडे आहे. निर्धास्त जा. म्हणून गेले मी. नाहीतर मी जन्मात कोणासमोर तोंड उघडलं नसतं."

"हो."

"तेव्हा तुला हे भोक माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. तारखा ताईला माहीत नव्हत्या. त्या फक्त धाकटीला आणि भाऊजींना माहीत होत्या. तिने ताईच्या हातांकडे बघितलं. अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, कोण कशाला जाईल तिथून."

ताईने मान डोलावली. रागाने नाही. एखादं लांबलचक गणित शेवटी जुळावं आणि उत्तर आवडू नये, तशी.

"चांगलं वागले गं ते," ती म्हणाली. "मी प्रत्येक वेळी मनात आभार मानले त्यांचे."

धाकटीने हात पुढे केला. ताईने तो झिडकारला नाही, धरलाही नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. ताई उठली, नळाखाली हात धुतले, पुसले, सावकाश, फोन वाजत असताना. मग उचलला.

"हो बाई, मीच बोलतेय." पलीकडचा आवाज मोठा, उत्साही होता, शब्द कळत नव्हते, पण प्रश्न होता हे कळत होतं. ताई भिंतीकडे बघत उभी होती. तिची पाठ धाकटीकडे होती.

"ठरलं," ती म्हणाली. "मी येतेय. नाही, पुढच्या महिन्यात नाही बाई, याच आठवड्यात. चालेल ना?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी आनंदाने बोललं गेलं.

"एकच विनंती आहे," ताई म्हणाली. "माझा तिकडचा पत्ता, फोन, कोणी विचारलं तर देऊ नका. नाही, घरच्यांनाही नाही."

मग ती वळली. धाकटीकडे नीट, सरळ बघितलं, आणि फोनमध्येच बोलली.

"हो, आहे एक बहीण. तिलाही नाही."